खुरप्याच्या मुठीचं पेन

माझा एक दोष आधीच सांगून टाकतो. मला वाट बघता येत नाही. स्टँडवर भिगवणची गाडी दहा मिनिटं उशिरा लागली तरी मी चौकशीच्या खिडकीशी जाऊन हुज्जत घालतो, आणि तिथला माणूस मला लांबून येताना बघूनच तोंड फिरवतो. अशा माणसाला छंद जडावा तो शाईच्या पेनांचा! यात लिहिण्यापेक्षा वाट बघण्यातच जास्त आयुष्य जातं. मनासारखं पेन बारामतीच्या दुकानात मिळत नाही. ते कुठेतरी लांब कुणीतरी बनवतो, त्याच्या सवडीने पाठवतो, आणि मग ते कुरियरवाल्यांच्या तावडीत सापडतं.

बारामतीतल्या एका कॉलेजात मी फिजिक्सच्या लॅबमध्ये सहायक आहे. सव्वीस वर्षं झाली. दरवर्षी अकरावीची नवी पोरं येतात, व्हर्नियर कॅलिपरच्या जबड्यात लोखंडी गोळी धरून तिची जाडी मोजतात, आणि दरवर्षी मी तेच ओरडतो. आधी जबडे मिटवून शून्यावर शून्य येतंय का बघा, येत नसेल तर जेवढा फरक आहे तेवढा उत्तरातून वजा करा. याला झिरो एरर म्हणतात. तो विसरलेल्या पोराची वही मी सरांपुढे जाऊच देत नाही. पोरांनी माझं नावच त्यावरून पाडलंय, आणि मला ते माहीत आहे हेही त्यांना माहीत आहे.

छंदातला माझा सोबती एकच, डाळजचे तात्या. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, पेरू आणि ढोबळी मिरची करणारे शेतकरी. आमची ओळख बारामतीच्या एका स्टेशनरीच्या दुकानात झाली. चांगल्या निळ्या शाईची शेवटची बाटली होती आणि मी पाकीट काढेपर्यंत पांढऱ्या पायजम्यातला एक माणूस ती उजेडात धरून बघायला लागला. मी तावातावाने म्हणालो, ती मी घेतली आहे. त्यांनी वाद घातला नाही. शेजारच्या मेडिकलमधून औषधाची एक रिकामी बाटली मागून आणली, काउंटरवर निम्मी शाई ओतून घेतली आणि उरलेली माझ्यापुढे सरकवली. एक थेंब सांडला नाही. नांगरटीने आणि फवारणीने राठ झालेले ते हात इतके हलके चालताना बघून माझा राग कुठल्या कुठे गेला.

तात्या रोज संध्याकाळी अर्धं पान लिहीत. कुठल्या सरीला पाणी दिलं, वारा कुठून होता, उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरले की अजून नाहीत, काकूंशी कशावरून वाजलं. चाळीस वर्षांच्या वह्या लोखंडी ट्रंकेत होत्या. सातवीनंतर शाळा सुटली, पण अक्षर असं की तलाठ्यानेही अर्ज त्यांच्याकडून लिहून घ्यावा. पेनं मात्र त्यांच्याकडे मोजून नऊ. माझ्याकडे तेव्हाच तीसच्या वर होती, आणि त्यातलं एकही माझ्याकडून त्यांच्या अक्षराइतकं चांगलं लिहिलं जात नव्हतं.

पुढे आमच्यात दोन नियम ठरले. पहिला नियम माझ्यामुळे आला. नवं पेन आलं की मी ते रस्त्यातच उघडून बघायचो आणि मग तात्यांना दाखवताना त्यातली गंमत गेलेली असायची. म्हणून ठरलं की माझी पार्सलं त्यांच्या पत्त्यावर मागवायची आणि त्यांची माझ्या. खोकं दोघांच्या समोरच उघडायचं. दुसरा नियम तात्यांचा. नव्या पेनाची पहिली ओळ मालकाने लिहायची नाही, सोबत्याने लिहायची. मालकाला आयुष्यभर लिहायचंच आहे, पहिल्या ओळीचं सुख दुसऱ्याला दिलं म्हणजे वस्तू हावरटपणाने घरात आली नाही असं होतं, असा त्यांचा हिशेब. मला तो नियम सुरुवातीला भयंकर जाचला. आपलं नवंकोरं पेन दुसऱ्याच्या हातात बघत बसायचं म्हणजे छळ आहे. पण पाळला. बारा-तेरा वर्षं पाळला.

दोन वर्षांपूर्वी तात्यांचा उजवा अंगठा दुखायला लागला, मग बोटांची पेरं सुजली. बारामतीच्या डॉक्टरांनी संधिवात सांगितला, गोळ्या दिल्या, शेकायला सांगितलं. दुखणं कमी झालं पण बोटं पुरती मिटेनाशी झाली. पेन धरलं की ते अंगठ्याखालून निसटायचं. माझ्यासमोर एकदा तीन वेळा निसटलं. चौथ्या वेळी त्यांनी ते उचललं नाही. त्या दिवसापासून वही बंद.

मी मेडिकलमधून रबराची नळी आणली, पेनावर चढवायची. ती त्यांनी माझ्या हातात परत दिली. लहान मुलांना पेन्सिल धरायला शिकवतात तसलं काही आपल्याला नको, म्हणाले. मी दुसरी आणली, तिसरी आणली, आणि आमचं भांडण झालं. मग त्यांनी एक फार वाईट गोष्ट सुरू केली. मी गेलो की निघताना ते एक पेन माझ्या पिशवीत टाकायचे. आपल्याकडे पडून वाळण्यापेक्षा चालत्या हातात राहू दे, एवढंच बोलायचे. असं करत चार पेनं माझ्याकडे आली. मी ती कपाटात ठेवली. त्या पेनांनी लिहायला माझा हात धजला नाही, आणि खरं सांगायचं तर मला तात्यांचा फार राग आला होता. दुसरीकडे काकू मला फोन करून सांगत होत्या की संध्याकाळ झाली की हे कुणावरही खेकसतात, ताट सरकवून देतात, आणि ट्रंकेवर बसून राहतात.

एकदा मी गेलो तेव्हा तात्या मिरचीत खुरपत होते. तास दीड तास त्यांचं खुरपं चाललं होतं, सहज, न निसटता. मी बांधावर उभा राहून बघत होतो आणि माझं डोकं फिरलं. हा माणूस खुरपं धरतो आणि पेन धरता येत नाही म्हणतो. मग लक्षात आलं की प्रश्न हाताचा नाही, जाडीचा आहे. त्यांची बोटं जेवढी मिटतात तेवढीच खुरप्याची मूठ जाड आहे. वर्षानुवर्षं वापरून मधे झिजलेली, त्यांच्याच अंगठ्याने घासून बारीक झालेली. तेवढ्या जाडीचं पेन मिळालं तर?

भेट म्हणून दिलं असतं तर त्यांनी घेतलं नसतं हे मला रबराच्या नळ्यांनी शिकवलं होतं. पण पेन मी माझ्यासाठी मागवलं, तर पहिली ओळ त्यांना लिहावीच लागणार होती. नियम त्यांचाच. एकदा ते बोटांत बसलं आणि एक ओळ लिहून झाली की पुढचं मी बघून घेणार होतो.

मी खुरपं मागून घेतलं. घरी कुंडीत माती हलवायची आहे, असं सांगितलं. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि आमच्या गॅलरीत तुळशीची एकच कुंडी आहे, हे तात्यांना चांगलं माहीत होतं. त्यांनी खुरप्याची माती झाडून ते माझ्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी मी खुरपं वर्तमानपत्रात गुंडाळून कॉलेजात नेलं आणि मधल्या सुट्टीत लॅबचं दार लोटून मुठीचा मधला भाग व्हर्नियरमध्ये धरला. जिथे मोजलं तिथे पेन्सिलने खूण केली. एवढ्यात विभागप्रमुख आत आले. लॅबच्या टेबलावर खुरपं बघून ते माझ्याकडे बघतच राहिले. मी घाईघाईने आकडा हाताच्या तळव्यावर लिहिला आणि सगळं आवरलं. एक पूर्णांक बहात्तर शतांश सेंटिमीटर.

पेन बनवणारा कारागीर लांब दक्षिणेतल्या एका गावातला. काळ्या कडक रबराच्या कांडीतून हाताने फिरवायच्या लेथवर पेन उतरवणारे आता थोडेच उरलेत, त्यातला हा एक. आम्ही दोघं मोडक्यातोडक्या हिंदीत बोलायचो. मी माप सांगितल्यावर तो म्हणाला, हे पेन आहे की लाटणं? मी सांगितलं, लाटणं समज, पण बनव. तीन महिने लागतील म्हणाला.

तीन महिने मी कसेबसे काढले. चौथ्या महिन्यात फोन केला तर एवढी जाड कांडी आलेली नव्हती. पाचव्यात कांडी आली पण त्याची कंबर धरली होती. सहाव्यात त्याच्या घरी लग्न होतं. लग्नाचा मी राग धरू शकत नव्हतो, तरी धरला. सातव्या महिन्यापासून फक्त निरोप यायचे, पुढचा आठवडा नक्की. मी पुढच्या आठवड्यात विचारलं की तोच निरोप पुन्हा. माझी बायको म्हणायला लागली की तुमच्या फोनवर आता पुढच्या आठवड्याशिवाय दुसरं काही येतच नाही. मी रात्री उठून चिडायचो, सकाळी चिडायचो, लॅबमधल्या पोरांवर चिडायचो. यावर्षी माझ्या हातून किती वह्या परत गेल्या असतील ते त्या पोरांनाच ठाऊक.

चिडण्याचं खरं कारण हे होतं की तिकडे तात्यांचा हात बिघडायचा थांबत नव्हता. थंडीत पेरं आणखी आखडली. चहाची कपबशी ते दोन्ही हातांनी धरायला लागले. अजून खुरपं धरत होते, पण किती दिवस? मी माप घेतलं ते त्या दिवसाच्या हाताचं. उशीर झाला आणि हात आणखी आखडला तर ते माप चुलीत घालायच्या लायकीचं. हे कारागिराला सांगावं असं कितीदा मनात आलं. पण आपली अडचण सांगून रडकुंडीला आल्यासारखं बोलायचं मला जमत नाही. मी फक्त ओरडत राहिलो.

अकराव्या महिन्यात त्याचा निरोप आला की पेन निघालं. सोबत फोटो नाही, काही नाही. फक्त पार्सलचा नंबर. मी तो नंबर तासातासाला टाकून बघायचो. पार्सल पुण्याला आलं, दौंडला आलं, आणि एका सकाळी ‘आज पोचेल’ असं दिसलं. मी रजा टाकून डाळजला जायला निघालो. भिगवणला उतरेपर्यंत फोनवर आलं, ग्राहक घरी नाही. मी तात्यांना फोन केला. ते सकाळपासून दारातच बसले होते.

नियमाप्रमाणे पत्ता तात्यांचा दिला होता. आता आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको, पण डाळज एक नाही. नंबर एक, नंबर दोन आणि नंबर तीन अशी तीन गावं आहेत. तात्या नंबर दोनचे. कारागिराला वाटलं, नंबर दोन म्हणजे घराचा नंबर. त्याने खोक्यावर नेटकं लिहिलं, घर नंबर दोन, डाळज. कुरियरवाला गडी परगावचा. तो नंबर एकमध्ये जाऊन दोन नंबरचं घर शोधत होता. दुसऱ्या दिवशी नंबर तीनमध्ये शोधलं. मी त्याला फोनवर समजावून सांगितलं, त्याने सगळं ऐकून घेतलं, आणि तिसऱ्या दिवशी तो पुन्हा नंबर एकमध्ये गेला. त्यानंतर फोनवर शेवटचा निरोप आला. पत्ता चुकीचा, पार्सल परत पाठवत आहोत.

मी तसाच स्कूटर काढून बारामतीच्या एमआयडीसीच्या बाजूला असलेल्या त्यांच्या गोदामात गेलो. परत जाणाऱ्या खोक्यांच्या ढिगात माझं खोकं मला दिसत होतं. कारागिराचं तिरकं अक्षर मी दुरून ओळखलं. पण टेबलामागचा माणूस म्हणाला, परत जाणारं पार्सल द्यायचं तर पाठवणाऱ्याच्या फोनवर ओटीपीचा आकडा जाईल, तो आकडा सांगा. कारागीर फोन उचलत नव्हता. अकरा महिने ज्याने माझा फोन कधी पहिल्या झटक्यात उचलला नाही तो आज का उचलेल? मी तिथे दोन तास उभा होतो. त्या माणसाला मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी कारागिराच्या सुनेने फोन घेतला, आकडा सांगितला, आणि वर मला विचारलं की पेन आवडलं का.

खोकं हातात आलं आणि इथेच माझं चुकलं.

ते घेऊन मी सरळ डाळजला जायला हवं होतं. मी कॉलेजात गेलो. स्वतःला सांगितलं की याच कारागिराचं आधीचं एक पेन अडखळत लिहायचं, निब घासून घ्यावी लागली होती. हे पेन तात्यांच्या हातात अडखळलं तर ते पेनाला दोष देणार नाहीत, हाताला देतील, आणि पुन्हा कधी पेनाला शिवणार नाहीत. म्हणून तपासून घ्यायलाच हवं. हे सगळं खरं होतं. पण त्याच्याखाली दुसरंही एक होतं, की अकरा महिने वाट बघून माझा जीव नुसता तडफडत होता. लॅबमध्ये बसून मी चिकटपट्टी कापली.

पेन सुंदर होतं. काळं, जाडजूड, धरायच्या जागी मधे बारीक केलेलं, अगदी मुठीसारखं. मी ड्रॉपरने त्याच्या पोटात दहा थेंब शाई घातली. कागदावर आठाचे आकडे काढले, ओळीने, थांबल्याशिवाय. मग चार वेळा सही केली. निब लोण्यासारखी चालत होती. त्या दहा मिनिटांत माझ्या मनात तात्या नव्हते. हे कबूल करायला हवं. मग भानावर येऊन मी पेन डिस्टिल्ड वॉटरने चार वेळा धुतलं, फुंकून वाळवलं, गाळणकागदाने टिपलं आणि खोकं पुन्हा चिकटवलं. कुणालाही कळलं नसतं.

तात्यांनी खोकं ओसरीवर ठेवून घेतलं, चिकटपट्टीकडे एकदा पाहिलं. मी म्हणालो, गोदामवाल्यांनी तपासायला उघडलं होतं. काकू चहा घेऊन आल्या आणि उभ्याच राहिल्या. तात्यांनी पेन बाहेर काढलं, टोपण फिरवलं. अंगठा आणि दोन बोटं त्याच्याभोवती मिटली, बरोबर बसली. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. तात्यांनी मात्र लिहायच्या ऐवजी ते नाकाशी नेलं. मग अंगठा जिभेवर ओला करून त्यांनी निबेखालच्या काळ्या जिभेवर, शाई जिथून उतरते तिथे, दाबून धरला. अंगठ्यावर फिकी निळी रेघ उठली.

“पयली वळ झालीय की ह्याची,” ते म्हणाले.

मी आधी नाही म्हणालो. मग गोदामवाल्यांवर ढकलायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते वाट बघत होते. मी सांगून टाकलं, आठाचे आकडे, चार सह्या, सगळं.

“मंग आता मी कशाला लिव्हू?” त्यांनी टोपण लावलं. “पयली वळ सोबत्याची. ती तुमी लिव्हून बसला, मास्तर. आता पेन तुमचं, वळीबी तुमच्या.”

माझा तोल गेला. मी म्हणालो की ओळ गेली खड्ड्यात, पेन माझं नाहीच, तुमच्यासाठी अकरा महिने मी झक मारत होतो, तुम्हाला लिहायचं नसलं तर सरळ सांगा, नियमाच्या आड कशाला लपता. वयाने वडीलधाऱ्या माणसाशी मी असं कधी बोललो नव्हतो. काकू आत गेल्या. तात्यांचा आवाज मात्र चढला नाही.

“माझ्यासाठी व्हतं तर माझ्याम्होरं का न्हाय उघडलं?”

मी पेन आणि शाईची छोटी बाटली ओसरीवरच ठेवली आणि निघालो. बाटली तीही औषधाची होती, माझ्या कपाटातली, दोन बोटं शाई होती तिच्यात. त्यांनी पेन पिशवीत टाकून परत दिलं नाही एवढंच. पण टोपण लावल्यावर पुन्हा ते हातातही घेतलं नव्हतं. हायवेवर गाडीची वाट बघताना मला स्वतःची इतकी चीड आली की येणाऱ्या दोन गाड्यांना मी हात केलाच नाही. एवढी साधी अट होती, दोन तास आणखी थांबायची. अकरा महिने कारागिराला, कुरियरवाल्याला, गोदामवाल्याला शिव्या घातल्या, आणि शेवटी सगळं नासवलं ते मीच.

पाच आठवडे त्यांचा फोन नाही, माझा नाही. काकूंनाही फोन करायची मला लाज वाटत होती. कपाटातली त्यांची चार पेनं रोज डोळ्यांपुढे यायची. ती परत नेऊन द्यावीत म्हणून एकदा पिशवीत भरली आणि एसटी स्टँडवरून माघारी आलो. बायको म्हणाली, जाऊन माफी मागा आणि मोकळे व्हा. मी तिच्यावरही खेकसलो.

मग एका सकाळी डाळजहून मार्केट यार्डात माल घेऊन येणारा टेम्पोवाला कॉलेजच्या फाटकाशी पेरूंचं एक क्रेट ठेवून गेला. मी ते शिपायाच्या मदतीने लॅबमध्ये आणलं. वर झाकलेल्या कागदाखाली वहीतून फाडलेलं अर्धं पान होतं. अक्षर आधीसारखं नव्हतं. मोठं झालं होतं, वेलांट्या हलल्या होत्या, ओळ उजवीकडे खाली उतरत होती. पण शाई निळी होती, आणि अक्षर त्यांचं होतं.

“शाई संपली. येताना आणा. बाटली मोठी आणा, रोज लागते. खुरपं चार दिवस नेलं तेव्हाच समजलो होतो, मुठीवर पेन्सिलची खूण तशीच आहे. पेन बरं आहे. पण खुरप्यापेक्षा सूतभर जाड झालंय. मापात चुकलात.”

मी ते उभ्याउभ्याच तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा आनंद झाला, दुसऱ्यांदा डोळे भरून आले, आणि तिसऱ्यांदा शेवटची ओळ टोचली. मापात चुकलात म्हणे. सव्वीस वर्षं मी मापंच घेत आलोय. ज्या बोटांना कपबशी धरवत नाही, ज्यांच्यात काही उरलं नाही म्हणून ते पेनं वाटत सुटले होते, त्या बोटांना असला फरक कळणार? कारागिरानेच जाड ठेवलं असेल. त्याला चांगलं खडसवावं म्हणून फोन हातात घेतला. पण आधी खात्री करावी म्हणून कपाटातून तोच व्हर्नियर काढला, आणि सवयीने जबडे मिटवले.

शून्यावर शून्य नव्हतं. सहा भाग पुढे होतं. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जरासं जास्त. त्या दिवशी विभागप्रमुख आत आले त्या गडबडीत मी ते बघायचं विसरलो होतो, वजा करायचं राहून गेलं होतं.

तास सुरू व्हायला पाच मिनिटं होती. पोरं दाराशी जमायला लागली होती. मी खुर्चीवर बसलो आणि तात्यांची चिठ्ठी वहीत ठेवून कारागिराला नाही, स्टेशनरीच्या दुकानात फोन लावला. निळ्या शाईची मोठी बाटली आहे का विचारलं. दुकानदार म्हणाला, संपली आहे, पुढच्या आठवड्यात नक्की येईल.